पाणी द्यावं, पेला सोडू नये

१० जानेवारी

छोट्या,

आशीर्वाद. पण अर्धेच. उरलेले तू सुधारल्यावर.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तू मध्येच शिंकतोस, मी मध्येच ठेवून देते, आणि मग दोघंही महिनाभर गाल फुगवून बसतो. कागदावर निदान माझं म्हणणं शेवटपर्यंत पोचतं.

माझी लेक ऑफिसच्या कामाला तुमच्या गावी आली होती, तेव्हा मामाचं नाटक बघून आली. आल्यापासून पोट धरून हसतेय. राजा मरतो, राणी त्याच्या छातीवर डोकं टेकवून विचारते, "आता या महालात माझं कोण उरलंय?" आणि विंगेतून कोणीतरी उत्तर देतं, "आऽऽक्छी!" मेलेल्या राजाचं पोट म्हणे पडदा पडेपर्यंत गदागदा हलत होतं. ते कोणीतरी कोण, हे तिने सांगायच्या आधीच मला कळलं. अरे, बासष्टीचा घोडा झालास तू! प्रॉम्प्टरने विसरलेल्याला शब्द द्यायचे असतात, शिंका नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि तू तेवढा डोळे मिटून, तोंड वासून उभा. तेव्हापासून सांगतेय, ती तपकीर सोड.

माझं इकडे वेगळंच रडगाणं. लाँड्रीतले इस्त्रीवाले काका गुडघ्यांपायी काम सोडून गेले. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग छताला टेकलाय. हॉस्पिटलवाले म्हणतात, जमत नसेल तर दुसरीकडे देतो. काल एक बाई काम मागायला आली. हात सराईत दिसले, पण पत्ता विचारला तर पुलापलीकडचा निघाला. म्हटलं, जागा भरली. आठवतंय ना बाबा काय सांगायचे? "पुलापलीकडच्याला पाणी द्यावं, पण पेला सोडू नये." बाबा उगाच बोलत नसत.

डबी फेकून दे.

ताई

•

१७ जानेवारी

ताई,

तुला नमस्कार, आणि सोबत हे लिहिताना आलेली एक शिंक.

ती शिंक प्रसंगाला धरून होती. राणीने प्रश्न विचारला होता, उत्तर कोणीच देत नव्हतं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तेही तुझ्या लेकीने सांगायला हवं होतं. आमच्या कंपनीच्या मालकांना मात्र नाटकातलं कळत नाही. ते म्हणाले, "पुन्हा शिंकलात तर विंगेत तुमच्या जागी टेपरेकॉर्डर बसवीन." ताई, मी भाड्याच्या खोलीत फक्त झोपतो. राहतो विंगेतच. त्या स्टुलावरून उठवलं तर मी जाणार कुठे? तेव्हा हसू नकोस.

आणि बाबा उगाच बोलत नसत? बाबा असंही म्हणायचे की रेडिओ मोठ्याने लावला तर दूध नासतं. तुझी लाँड्री पुलाच्या अलीकडच्या टोकाला. जन्म गेला तुझा तिथे. एकदा तरी पलीकडे गेलीस का? तिथल्या कोणी तुझं काय नेलं, सांग. बाबांचं काही नेलं असेल तर तेही सांग.

म्हणून एक करार सुचवतो. मी तपकीर सोडतो, तू तुझा ग्रह सोड. माझी डबी बंद, तुझं दार उघडं. त्या बाईला कामावर घे. मग बघू, आपल्या दोघांत कोणाची खोड जास्त चिवट आहे.

तुझा छोट्या

•

२४ जानेवारी

छोट्या,

करार मंजूर. खरं तर मी कोणाबद्दल मनात ग्रह धरणारी बाईच नाही, पण तुझी तपकीर सुटत असेल तर तेही करीन.

पलीकडची सोमवारपासून येतेय. अगदी मोकळ्या मनाने ठेवलंय तिला. कपाटाला नवं कुलूप लावलं, पण ते जुनं गंजलं होतं म्हणून. गल्ल्यामागची माझी खुर्ची फिरवून इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड केलं, ते पाठीला वारा लागतो म्हणून. संध्याकाळी कात्र्या मोजते, ती शिस्त.

काम? काम चांगलं आहे. म्हणजे फारच चांगलं आहे. कॉलर अशी उभी राहते की घालणाऱ्याने मान ताठ ठेवावी. चादरींचा ढीग माझ्या कमरेपर्यंत खाली आला. आणि तिथेच माझं मन खातंय. पोटात काही असल्याशिवाय इतकं मन लावून काम कोण करतं? दुपारी डबा उघडला की मला विचारते, "घेता का थोडं?" म्हणजे गोड बोलायला सुरुवात झाली. एरवी तोंड काही गोड नाही हं. काल तिच्या मागे जरा उभी राहिले, तर वळून न बघता म्हणते, "बाई, माझ्या मानेला इस्त्री नको. नजर बाजूला घ्या."

माझा भाग मी पाळलाय. तुझं काय? नुसतं "सोडली" लिहून पाठवू नकोस. कशी सोडली ते लिही.

ताई

•

४ फेब्रुवारी

ताई,

सोडली!

कशी, ते ऐक. विंगेत आग विझवायला वाळूने भरलेली लाल बादली असते. परवा सगळ्या कंपनीसमोर मी डबी त्या वाळूत पुरली. राणीचं काम करणाऱ्या बाईंनी उत्स्फूर्तपणे दोन शब्द सांगितले. राजाचे डोळे पाणावले, पण तो तसाही लवकर रडतो. मालकांनी माझ्याशी हात मिळवला.

आता माझं नाक म्हणजे तुला काय सांगू! तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी कुठलं अत्तर लावलंय ते कळतं. डोकं हलकं, झोप गाढ. इतकी वर्षं मी कशाच्या मागे लागलो होतो, याचं माझं मलाच हसू येतं.

फरक एवढाच पडलाय की मी आगीच्या बाबतीत फार जागरूक झालोय. मध्यंतरात बादलीकडे जाऊन येतो. वाळू पुरेशी आहे ना, ओली झाली नाही ना, हे कोणीतरी खोलवर हात घालून बघायलाच हवं. बाकीच्यांना अशा गोष्टींची फिकीर नसते.

तू खुर्ची पुन्हा भिंतीकडे फिरव.

तुझा छोट्या

ता.क. पत्रावरचे डाग चहाचे आहेत.

•

१६ फेब्रुवारी

छोट्या,

तुझ्या चहाचे डाग जरा जवळून पाहिले. मला लागोपाठ तीन शिंका आल्या. पण आज तुझ्यावर ओरडायला वेळ नाही.

मी म्हणत होते ते खरं झालं. न्यायाधीशसाहेबांचा काळा झगा गेला. मागे बारीक चुण्यांचा, खास शिवून घेतलेला. काल दुपारपर्यंत टेबलावर होता, आज नाही. कपाट पाहिलं, गठ्ठे उलटेपालटे केले, टेबलाखाली वाकून पाहिलं. परवा त्यांना तो कोर्टात घालायचाय. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. मी सरळ विचारलं, "झगा कुठंय?"

ती म्हणाली, "काल तुम्हीच माझ्या हातातून घेतलात."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "चोर तो चोर, वर शिरजोर! पुलापलीकडचे शेवटी पुलापलीकडचेच."

तिने हातातली चादर चालू होती ती पुरी केली. घडी घातली. इस्त्री उभी ठेवून बटण बंद केलं. एप्रन काढला, त्याचीही घडी घालून ढिगावर ठेवली. चप्पल घातली आणि गेली. गिऱ्हाइकंही एकेक करून निघाली. एक जण शर्ट न घेताच गेला.

उलटून भांडली असती तर बरं वाटलं असतं. "बघ, मी सांगत नव्हते?" हे वाक्य मी तुझ्यासाठी कधीपासून तयार ठेवलं होतं. आता लिहिलं, पण हवी तशी मजा येत नाहीये.

ताई

•

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र वाचून अंगावर शहारा आला, पण झग्यामुळे नाही, तू तिला जे बोललीस त्यामुळे.

ती बाई तो झगा नेऊन करणार काय? घरी बसून खटले चालवणार? नेसायचं लुगडं असतं, पोराचा स्वेटर असता, तर गोष्ट वेगळी. आणि ती म्हणाली ना, तू हातातून घेतलास म्हणून? मग डोळे मिटून बस आणि आठव. तुझं डोकं भांडताना फार चालतं, ठेवलेली वस्तू आठवताना नाही. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी बाई तू.

तुझा छोट्या

•

२२ फेब्रुवारी

छोट्या,

झगा सापडला. इमारतीतच होता. कसा, ते महत्त्वाचं नाही. विषय संपला.

इकडे थंडी कमी झालीय.

ताई

•

२६ फेब्रुवारी

ताई,

विषय तुझ्या गादीखाली संपला, असं भाचीने फोनवर सांगितलं.

तिने सगळं सांगितलं, आणि मध्ये मध्ये हसून घेतलं. त्या दिवशी दुपारी तू बँकेत निघालीस. पलीकडची दुकानात एकटी राहणार, म्हणून तिच्या हातातून झगा काढून घेतलास, वर जाऊन गादीखाली सारलास, आणि बँकेतून येईपर्यंत विसरलीस. मग त्या न्यायदेवतेच्या झग्यावर खुशाल झोपलीस. लेकीने चादर बदलायला गादी उचलली तेव्हा तो बाहेर आला. म्हणजे चोरी होऊ नये म्हणून तूच तो पळवलास.

पोटभर हसणार होतो, पण मला ती मुभा नाही. बुधवारी आमच्याकडे अग्निशमनचे साहेब तपासणीला आले. चांगला माणूस, कामात चोख. लाल बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि डबी बाहेर काढली. एकच नाही, दोन निघाल्या. दुसरी मी पहिली संपेल म्हणून पुरली होती. साहेबांनी झाकण उघडून हुंगलं आणि असे शिंकले की वरचा एक दिवा हलला. मालकांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. आता मी तिकीटखिडकीत बसतो. नाटक सुरू झालं की भिंतीपलीकडून आवाज येतात. काल राजा दुसऱ्या अंकात अडकला. त्याचं पुढचं वाक्य मी खिडकीतून ओरडलो, ते सोडा विकणाऱ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

तेव्हा आपण दोघंही उघडे पडलो. पण ताई, माझ्या खोडीने माझीच जागा गेली. तुझ्या खोडीने दुसऱ्याची गेली. ऊठ आणि पूल ओलांड.

तुझा छोट्या

•

८ मार्च

छोट्या,

गेले होते. आता नीट वाच, मध्ये शिंकू नकोस.

आधी खरं सांगते. तुझ्या पत्रामुळे उठले नाही. झग्यामुळे उठले. माझ्या वजनाखाली त्या चुण्यांची पार रया गेली होती. लेकीने इस्त्री घेऊन बघितली, चुण्या आणखी तिरक्या झाल्या. साहेबांना मी निरोप दिला की बटण तुटलंय, दोन दिवस लागतील. त्यांनी जुना झगा घालून काम भागवलं. दोन दिवसांचे दोन आठवडे होत आले. शिवाय हॉस्पिटलच्या चादरी पुन्हा छताकडे निघाल्या होत्या. शेवटी झगा पिशवीत घातला आणि निघाले.

पूल इतका लहान आहे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पलीकडे गेले तर तिथेही आपल्यासारखंच सगळं. तोच किराणावाला, तीच गळकी तोटी, तेच ओट्यावर बसून जाणाऱ्यायेणाऱ्याकडे बघणारे म्हातारे. एकाने पत्ता सांगितला, वर विचारलं, "अलीकडून आलात वाटतं?" माझ्या कपाळावर लिहिलं होतं की काय, कोण जाणे.

दारात तिची आई बसली होती. माझ्याहून दहा-पंधरा वर्षांनी मोठी असेल, पण नजर सुईत दोरा ओवावा अशी. म्हणाली, "ती वाण्याकडे गेलीय, येईल. बसा. पाणी?" म्हटलं, चालेल. तिने पेला भरून आणला, माझ्यापुढे धरला. मी धरला. तिने सोडला नाही. मी जरा ओढला. तिनेही जरा ओढला. शेवटी मी प्यायले ते तसंच, एका बाजूने मी धरलेला, दुसऱ्या बाजूने तिने. थोडं पाणी माझ्या पदरावर सांडलं. ती म्हणाली, "राग मानू नका. आमचे वडील सांगून गेलेत, अलीकडच्या माणसांपुढे जरा जपून."

छोट्या, मला त्या क्षणी राग यायला हवा होता. आलाही. तोंड उघडलं, काहीतरी सुनवायला, आणि आतून शब्दच येईना. तुझ्यासारखं कोणी विंगेत असतं तर बरं झालं असतं. मी पेला परत दिला. तिने तो दिव्याकडे धरून, तडा गेला नाही ना, ते बघितलं.

तेवढ्यात तिची लेक आली. मला बघून दारातच थांबली.

"झगा सापडला," मी म्हटलं.

"कुठे?"

"गादीखाली."

"कोणाच्या?"

"माझ्या."

ती अशी हसायला लागली की पायरीवरच बसली. आई विचारतेय काय झालं, काय झालं, आणि हिला बोलता येईना. मी पिशवी धरून उभी. मग ती एकदम हसायची थांबली. म्हणाली, "चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालात ना? मग चार गिऱ्हाइकांसमोरच मागे घ्यायचं. मग हात लावीन त्या झग्याला."

मी म्हटलं, "इथे घेते की. आई आहेत."

"आई गिऱ्हाईक नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, पण एप्रन बांधला नाही. हाताची घडी घालून उभी राहिली. एक गिऱ्हाईक आलं, दुसरं आलं, तिसरं आलं. मी घसा खाकरला, तर म्हणते, "चौथं येऊ द्या." ते तिघंही काय चाललंय म्हणून थांबून राहिले. आणि चौथा कोण यावा? न्यायाधीशसाहेबांचा शिपाई. म्हणाला, "बटण लागलं का? साहेब वैतागलेत."

काय सांगू तुला. सगळं सांगितलं. ही चोर नाही, मी हिला उगाच बोलले, झगा मीच लपवला आणि मीच त्यावर झोपले. शिपाई म्हणाला, "झोपलात?" म्हटलं, "झोपले." तो म्हणाला, "हे साहेबांना कसं सांगू?" तर ती मागून म्हणते, "सांगू नका. दुपारी या." आणि एप्रन बांधला.

दुपारी झगा असा होता की साहेबांनी निकालाआधी स्वतःच्या चुण्या बघाव्यात.

ताई

•

१७ मार्च

ताई,

तुझं पत्र मी तिकीटखिडकीत वाचलं. रांग खोळंबली. एकाला मी तिकिटाऐवजी तुझ्या पत्राचं पाकीट दिलं.

तुझं वाचून मीही गेलो. पूल नव्हता, मालकांची खोली होती. म्हटलं, खोटं बोललो, सुटलेली नाही, एकट्याने सुटणारही नाही. राणीचं काम करणाऱ्या बाई तिथेच होत्या. राजा आठवड्यात दोनदा अडकल्यामुळे त्या टेकीला आल्या होत्या. त्यांनी हात पुढे केला. "डबी द्या इकडे."

आता डबी राणीच्या कमरपट्ट्यात असते. त्या रंगमंचावर, मी विंगेत. मला ती दिसते, पण हात पोचत नाही. तिसऱ्या अंकात त्या राजाच्या छातीवर डोकं टेकवतात तेव्हा डबी माझ्यापासून दोन हातांवर येते, आणि महाल, मरण, राणी, सगळं विसरून मी तिच्याकडेच बघत असतो. पडदा पडला की एक चिमूट मिळते. एकच. मोजून त्या देतात.

म्हणजे सुटली नाही. पण स्टूल परत मिळालं. तुझं सुटलं का? खरं लिही.

तुझा छोट्या

•

२९ मार्च

छोट्या,

आशीर्वाद. या वेळी पाऊण.

खरं लिहायचं तर, नाही. कुलूप काढलं. खुर्ची भिंतीकडे फिरवली. कात्र्या मोजत नाही. पण ती कपाटाकडे गेली की माझी मान आपोआप वळते. मी नाही वळवत, ती वळते. तिला पाठमोरीलाही कळतं. म्हणते, "बघा, बघा. दोन चादरी आहेत आणि एक झुरळ. काय नेऊ?" मग मी ओशाळते आणि ती हसते. तिचंही काही वेगळं नाही. परवा माझ्याकडून सुट्टे पैसे घेतले आणि माझ्यासमोरच दोनदा मोजले. मी नुसतं बघितलं, तर म्हणाली, "हात ऐकत नाहीत हो." पण आता दुपारी डबा एकत्र खातो. आईला माझ्याबद्दल विचारलं की म्हातारी म्हणते म्हणे, "ती बरी आहे, पण ती एकटीच." हे ऐकून मला हसूच आलं, कारण मी हिच्याबद्दल शेजारणीला अगदी हेच शब्द सांगितले होते.

काल दुपारी आम्ही दोघीच दुकानात होतो. एक उंच माणूस आला, खांद्यावर पडद्यांचा गठ्ठा. बोलण्यावरून ओळखला, टेकडीवरचा. टेकडीवरची माणसं कशी असतात ते काय सांगायला हवं? अलीकडे विचार, पलीकडे विचार, कोणीही सांगेल.

तो गठ्ठा सोडत होता. माझा हात गल्ल्यावर गेला. बघते तर तिचाही हात तिथेच, माझ्या हाताशेजारी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. तो बिचारा पडद्यावरचा डाग दाखवून विचारतोय, "जाईल का हा?"

तिने आधी हात काढला. "बघू," म्हणाली, "जुना डाग आहे."

माझा हात निघायला जरा वेळ लागला. पण काढला.

ताई